गोळी एक की अर्धी? परिचारिकांच्या हिशेबाचे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयाची निघाली : डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा आणि हातातल्या स्ट्रिपवरचा आकडा यांचा मेळ कसा घालायचा. निवडक प्रश्नांना सोलापुरात परिचर्या शिकवलेल्या एका निवृत्त अध्यापिकेने उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जी.एन.एम.च्या (परिचर्येच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात सूत्र पाठ आहे आणि परीक्षेत गणितही बरोबर येते; पण वॉर्डात ट्रॉलीजवळ उभी राहिले की वर काय लिहायचे आणि खाली काय, हेच सुचेनासे होते. अलीकडे ट्रीटमेंट शीटवर डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) १२५ मायक्रोग्रॅम लिहिले होते आणि स्ट्रिपवर ०.२५ मिलिग्रॅम. सिस्टरांनी अर्धी गोळी काढली, पण ती अर्धीच का, हे मला तेव्हा उमगले नाही. — विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : सूत्र आपल्याला पाठ आहेच, तरी इतर वाचकांसाठी सांगते. रुग्णाला द्यायची मात्रा वर, एका गोळीत असलेली मात्रा खाली, आणि भागाकार येईल तितक्या गोळ्या. फ्रुसेमाइड २० मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि गोळी ४० ची आहे, तर २० भागिले ४०, म्हणजे अर्धी गोळी. पॅरासिटामॉल १ ग्रॅम द्यायचे आहे आणि गोळी ५०० ची आहे, तर आधी १ ग्रॅमचे १००० मिलिग्रॅम करायचे आणि मग १००० भागिले ५००, म्हणजे दोन गोळ्या. पुस्तकात या भागाकाराला पुढे ‘गुणिले प्रमाण’ अशी शेपटी असते, तिचे काम सिरपमध्ये लागते. १५० मिलिग्रॅम द्यायचे आहे आणि बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम लिहिले आहे, तर भागाकाराला ५ ने गुणून ६ मिलिलिटर येते. गोळीच्या बाबतीत ते प्रमाण ‘एक गोळी’ असल्यामुळे शेपटी सोडून दिली तरी चालते.

आपली अडचण मात्र सूत्रातली नाही, ती सूत्राच्या आधीची आहे. शीटवर मायक्रोग्रॅम होते आणि स्ट्रिपवर मिलिग्रॅम. दोन्ही आकडे एकाच एककात आणल्याखेरीज भागाकाराला हात लावायचा नाही. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, म्हणून ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम, आणि १२५ भागिले २५० म्हणजे अर्धी गोळी. रूपांतर करताना शक्यतो मोठे एकक लहान करावे, म्हणजे दशांशचिन्ह निघून जाते आणि पूर्ण आकडे हाताशी राहतात, ०.१२५ ला ०.२५ ने भागण्यात जितक्या जणी अडखळतात, तितक्या १२५ ला २५० ने भागण्यात अडखळत नाहीत. (डिगॉक्सिन देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि प्रौढ रुग्णात ते साठच्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे, हे आपल्याला शिकवले असेलच, अर्धी गोळी अचूक काढण्याच्या नादात ते राहून जाऊ नये.)

वर काय आणि खाली काय हा गोंधळ घालवण्यासाठी मी विद्यार्थिनींना पेन उचलण्याआधी एक प्रश्न विचारायला लावत असे : उत्तर एका गोळीपेक्षा जास्त यायला हवे की कमी? द्यायची मात्रा गोळीतल्या मात्रेपेक्षा लहान असेल तर उत्तर एकाच्या आतच असणार. तसे ठरवून मग गणित केले आणि उत्तर दोन आले, तर आकडे उलटे मांडले गेले आहेत हे तिथेच कळते. या अंदाजाला अर्धे मिनिटही लागत नाही, तरी घाईच्या ड्युटीत सर्वांत आधी गाळली जाते ती हीच पायरी.

हा अंदाज बऱ्याच चुका पकडतो, सगळ्या पकडत नाही. आपल्याच उदाहरणात कोणी एकके न पाहता १२५ ला ०.२५ ने भागले असते तर उत्तर ५०० गोळ्या आले असते. इतके वेडगळ उत्तर पाहून कोणीही थांबेल. अल्प्राझोलाम ‘.५’ असे शून्याविना लिहिलेले असले आणि टिंब न दिसल्याने ते ५ मिलिग्रॅम वाचले गेले, तर ०.२५ च्या गोळीने हिशेब वीस गोळ्यांवर जातो, तेव्हाही गणितच ओरडून सांगते. पण वॉरफॅरिन ‘१.०’ लिहिलेले असले आणि ते १० वाचले गेले, तर ५ मिलिग्रॅमच्या गोळीने उत्तर येते नेमके दोन गोळ्या. भागाकार बरोबर, उत्तर दिसायला अगदी साधे, आणि रुग्णाच्या पोटात रक्त पातळ करणारे औषध दहापट. म्हणून पूर्ण आकड्यापुढे टिंब आणि शून्य लिहायचे नाही, एकापेक्षा लहान आकड्याआधी शून्य अवश्य लिहायचे, आणि मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक अक्षराचे चिन्ह न वापरता शब्द पूर्ण लिहायचा, कारण घाईच्या अक्षरात ते चिन्ह मिलिग्रॅमसारखे दिसते. शीट डॉक्टरांनी लिहिलेले असते हे खरे, परंतु आपण आपल्या नोंदीत ते उतरवून घेतो तेव्हा नियम आपल्यालाही लागू होतो. अक्षर लागत नसेल तर शेजारच्या सिस्टरांना ‘हे काय असेल?’ असे विचारू नये. ज्यांनी लिहिले त्यांनाच विचारावे, कारण शेजारच्या सिस्टरही अंदाजच करणार.

एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त गोळ्या किंवा अर्ध्याहून लहान तुकडा असे उत्तर आले तर थांबून पुन्हा पाहावे, असा संकेत आहे आणि तो चांगला आहे. तथापि तो थांबण्याचा संकेत आहे, नाकारण्याचा नव्हे. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ४० मिलिग्रॅम लिहिले आहे आणि वॉर्डात ५ च्याच गोळ्या आहेत, तर आठ गोळ्या हे उत्तर बरोबरच आहे. दुसऱ्या सिस्टरांकडून तपासून घ्यावे, फार्मसीतून २० च्या गोळ्या मिळतात का पाहावे, आणि नाही मिळाल्या तर आठ द्याव्यात.

प्रश्न : आमच्या वॉर्डात पक्षाघाताचे रुग्ण जास्त असतात आणि अनेकांना राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली नळी) असते. सकाळच्या सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटून पाण्यातून देण्याची पद्धत आहे. कोणत्या गोळ्या कुटू नयेत? आणि हिशेबात पाव गोळी आली तर काय करावे? — स्टाफ नर्स, होटगी रोड

उत्तर : सगळ्या गोळ्या एकत्र कुटण्याची पद्धत बंद करावी, हे आधी सांगते. एकत्र पूड केली की औषधे एकमेकांत मिसळतात, नळी तुंबते, आणि तुंबलेल्या नळीत कोणाची किती मात्रा अडकली याचा हिशेब मग कोणालाच करता येत नाही. प्रत्येक गोळीची पूड वेगळी करावी, पाण्यात कालवून एकेक द्यावी, दोन औषधांच्या मध्ये थोडे पाणी सोडावे आणि शेवटी प्रौढ रुग्णात १५ ते ३० मिलिलिटर पाण्याने नळी धुवावी. पाण्यावर बंधन असलेल्या रुग्णाच्या इनटेक चार्टवर हे पाणीही लिहावे. औषध फीडमध्ये (नळीतून द्यायच्या अन्नात) कालवून देऊ नये. विशेषतः फेनिटॉइन हे फिट्सचे औषध फीडबरोबर दिले तर ते रक्तात कमी उतरते, म्हणून त्याच्या आधी आणि नंतर फीड थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी.

आता कोणत्या गोळ्या कुटू नयेत ते पाहू. नावापुढे एस.आर., एक्स.आर., ई.आर. किंवा सी.आर. अशी अक्षरे असतील तर ती गोळी औषध दिवसभर थोडेथोडे सोडण्यासाठी बनवलेली असते. मेटफॉर्मिन एस.आर. १००० कुटली तर मात्रा कागदावर तीच राहते, पण दिवसभराचा वाटा एकाच वेळी पोटात जातो. इथे गोळ्यांचा हिशेब बरोबर असूनही मात्रा चुकते, आणि सूत्रात ही चूक दिसण्याची सोयच नाही. अशा रुग्णाला साधी मेटफॉर्मिन विभागून देता येते का, हे डॉक्टरांना विचारून नवा आदेश लिहून घ्यावा.

दुसरा गट एन्टेरिक कोटिंगचा, म्हणजे जठरात न विरघळणाऱ्या आवरणाचा. पॅन्टोप्राझोलच्या गोळीवरचे आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवते, तर ॲस्पिरिन आणि डायक्लोफिनॅकच्या गोळीवरचे आवरण जठराला औषधापासून वाचवते. कुटली की दोन्हीकडचा उपयोग संपतो. ७५ मिलिग्रॅमची कोटिंग असलेली ॲस्पिरिन पक्षाघाताच्या वॉर्डात रोजची असल्याने आपल्याकडे हा प्रश्न रोजचाच असणार; पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिन मिळते, ती मागवून घ्यावी. जिभेखाली ठेवायची आयसोसॉर्बाइडची गोळी नळीतून देण्यात अर्थ नाही, आणि पेशींची वाढ रोखणाऱ्या मेथोट्रेक्सेटसारख्या गोळीची पूड वॉर्डात उघड्यावर मुळीच करू नये, कारण ती पूड कुटणाऱ्याच्या अंगाला आणि श्वासाला अपायकारक असते.

पाव गोळीविषयी. गोळीवर मधोमध खाच असेल तरच ती अर्धी करावी, आणि तीही गोळी कापायच्या कटरने. नखाने किंवा कात्रीने केलेले दोन भाग सारखे नसतात, आणि एकदा चुरा सांडला की उरलेल्यात किती औषध आहे ते सांगता येत नाही. पाव हिस्सा तर नकोच. ॲटेनोलॉल १२.५ मिलिग्रॅम लिहिले आहे आणि हातात ५० ची गोळी आहे, तर हिशेबाने पाव गोळी येते. अशा वेळी २५ ची स्ट्रिप मागवावी, तिची अर्धी गोळी नीट होते. लांब वेळ काम करणाऱ्या गोळ्या तोडायच्या नाहीत या नियमाला एक सर्रास दिसणारा अपवाद म्हणजे मेटोप्रोलॉल सक्सिनेटची खाच असलेली ई.आर. गोळी : ती खाचेवर अर्धी करता येते, पण कुटता किंवा चावता येत नाही. असा अपवाद स्मरणावर सोडू नये, स्ट्रिपबरोबरचा कागद किंवा फार्मासिस्ट यांच्याकडून खात्री करावी.

प्रश्न : रात्रपाळीत एका रुग्णाला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट ६२५ लिहिले होते आणि कपाटात ३७५ च्याच गोळ्या होत्या. एका सहकारी सिस्टरांचे म्हणणे, ‘दोन द्या, ७५० होईल, थोडे जास्त, पण एक दिली तर फारच कमी.’ आम्ही डॉक्टरांना फोन केला. नेमके काय बरोबर होते? — परिचारिका, अक्कलकोट तालुका

उत्तर : फोन करणे बरोबर होते, आणि हा या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. ६२५ हा एका औषधाचा आकडा नाही, ती बेरीज आहे : अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड १२५. ३७५ मध्ये अमॉक्सिसिलिन २५०, परंतु क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड तेवढेच, म्हणजे १२५. गोळी लहान झाली की दोन्ही औषधे सारखी लहान होतात, असे आपण गृहीत धरतो; इथे तसे होत नाही. ३७५ च्या दोन गोळ्या दिल्या तर अमॉक्सिसिलिन ५०० होते, जे हवे होते, आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड २५० होते, जे दुप्पट आहे. या औषधाने जुलाब लागतात ते बव्हंशी या दुसऱ्या घटकामुळेच. तेव्हा ‘७५० म्हणजे थोडे जास्त’ हे वाक्य बेरजेच्या दृष्टीने खरे असले, तरी औषधाच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही.

हिशेबानेच जुळवायचे तर ३७५ ची एक गोळी आणि साध्या अमॉक्सिसिलिनची २५० ची एक कॅप्सूल मिळून ५०० आणि १२५ बरोबर होतात. डॉक्टरांना फोन करताना हा पर्याय आपण सुचवू शकता, परंतु आदेश त्यांचाच हवा आणि तो शीटवर लिहिलेला हवा. फोनवर आदेश घेतला तर औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ त्यांना परत वाचून दाखवावी आणि सकाळी सही घ्यावी.

याच्या उलट उदाहरण को-ट्रायमॉक्सॅझोलचे. साध्या गोळीत ट्रायमेथोप्रिम ८० आणि सल्फामेथॉक्सॅझोल ४००, आणि डी.एस. (डबल स्ट्रेंथ) गोळीत १६० आणि ८००. दोन्ही घटक सारखेच दुप्पट असल्यामुळे दोन साध्या म्हणजे एक डी.एस., हा हिशेब निर्धास्त चालतो. रक्तदाबाच्या गोळ्यांत पुन्हा पहिल्यासारखे होते : टेल्मिसार्टन ४० बरोबर हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ असते आणि टेल्मिसार्टन ८० च्या जोडगोळीतही ते बहुधा १२.५ च असते, म्हणून ८० च्या ऐवजी ४० च्या दोन दिल्या तर लघवी वाढवणारे औषध दुप्पट जाते. जोडगोळी हातात आली की मोठ्या अक्षरातला आकडा सोडून मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत, आणि सूत्र प्रत्येक घटकाला वेगवेगळे लावावे.

प्रश्न : वडील यंत्रमागावर कामाला आहेत. त्यांना क्षयरोगाचे औषध सुरू झाले आहे आणि रोज तीन गोळ्या मिळतात. गल्लीतल्या दुसऱ्या रुग्णाला त्याच रंगाच्या चार मिळतात. वडिलांना कमी औषध देतात का? — वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : नाही. सरकारी कार्यक्रमातल्या या एका गोळीत पहिल्या दोन महिन्यांसाठी चार औषधे एकत्र असतात : आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. किती गोळ्या द्यायच्या हे प्रौढांमध्ये वजनावर ठरते. २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, ६५ ते ७५ ला पाच आणि त्यापुढे सहा. वडिलांचे वजन ४६ किलो धरले तर तीन गोळ्यांतून रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅम जाते, म्हणजे किलोमागे साधारण दहा, आणि तेवढेच अपेक्षित आहे. शेजारच्या गृहस्थांचे वजन पन्नासच्या वर असणार, इतकेच. उपचाराने भूक सुधारून वडिलांचे वजन वाढले तर गोळ्यांची संख्या बदलू शकते, म्हणून दर महिन्याला वजन करून घ्यावे आणि ते कार्डावर लिहिले जाते का पाहावे. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्याने घाबरू नये. तिन्ही गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या असतात; सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा विभागू नयेत.

प्रश्न : ताप आणि अंगदुखीच्या एका रुग्णाला ६५० ची पॅरासिटामॉल दिवसातून चार वेळा लिहिली आहे. नातेवाईक बाहेरून आणलेल्या सर्दीच्या आणि पाठदुखीच्या गोळ्याही देतात. चालेल का? — ए.एन.एम., मोहोळ

उत्तर : चालणार नाही, आणि का ते बेरजेतच दिसते. ६५० चार वेळा म्हणजे २६०० मिलिग्रॅम. पाठदुखीसाठी घेतात त्या ॲसिक्लोफिनॅकच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल ३२५ असते, ती दोन वेळा म्हणजे ६५०. सर्दीच्या गोळीत ५०० असेल आणि ती तीन वेळा घेतली तर १५००. एकूण ४७५०, आणि निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. दारूची सवय, यकृताचा आजार किंवा कमी वजन असेल तर ती आणखी खाली येते. उशीखालच्या स्ट्रिपाही औषधाच्या हिशेबात धराव्यात.

प्रश्न : घरी सोडताना रुग्णाला प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम सात दिवस, मग ३०, २० आणि १० असे प्रत्येकी सात दिवस लिहून देतात. किती गोळ्या द्यायच्या, हे नातेवाइकांना पटकन कसे सांगावे? त्याच रुग्णाला कधी मेथोट्रेक्सेटही असते. — स्टाफ नर्स, सात रस्ता

उत्तर : १० ची गोळी धरली तर रोजच्या चार, तीन, दोन आणि एक, प्रत्येकी सात दिवस. चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक म्हणजे दहा, गुणिले सात, म्हणजे सत्तर गोळ्या. २० आणि १० अशा दोन पॉवरच्या मिसळून दिल्या तर २० च्या अठ्ठावीस आणि १० च्या चौदा, मिळून बेचाळीसच होतात, आणि गिळायला कमी म्हणून काही डॉक्टर तसे देतातही. माझे मत विचाराल तर वयस्कर रुग्णाला एकाच पॉवरची गोळी द्यावी. ‘या आठवड्यात रोज तीन’ हे लक्षात राहते. ‘या आठवड्यात रोज मोठी एक, लहान एक’ हे दुसऱ्या दिवशीच उलटे होते. सत्तर गोळ्या पूर्ण दिल्या आहेत का, हे मोजूनच हातात द्याव्यात, कारण हे औषध मध्येच संपून अचानक बंद झाले तर रुग्णाला धोका असतो.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट वेगळी. सांधेदुखीसाठी ते आठवड्यातून एकदाच असते. १५ मिलिग्रॅम लिहिले असेल तर ७.५ च्या दोन गोळ्या, त्या एकाच वारी. हेच औषध रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत, आणि तिथे गोळ्यांच्या संख्येत चूक नसते, वारात असते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढे लिहून थांबू नये, रुग्णाच्या सोयीचा वार ठरवून तो पूर्ण अक्षरांत लिहावा. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू आणि कितीतरी घरांत कन्नड वाचले जाते; त्या भाषेत वाराचे नाव लिहून देणारी एखादी सिस्टर प्रत्येक वॉर्डात सापडतेच. बरोबर दिलेली फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी बहुधा पिवळी असते आणि मेथोट्रेक्सेटची गोळीही पुष्कळदा पिवळीच, तेव्हा दोन्ही औषधे स्ट्रिपमधून न काढता वेगवेगळ्या पाकिटांत द्यावीत, प्रत्येक पाकिटावर वार लिहावा, आणि ‘मंगळवारी कोणती घेणार?’ असे रुग्णालाच विचारून त्याने योग्य पाकीट उचलले की मग कार्डावर सही करावी.